नाकाच्या शेजारी राहायला गेलेला दाढेचा पाय

मी दाढेचा पाय बोलतोय. अख्खी दाढ नव्हे, नुसता पाय, आणि तोही तिसरा. वरच्या मोठ्या दाढेला तीन पाय असतात हे तुम्हाला ठाऊक नसणार. स्वतःच्या तोंडात काय आहे ते माणसाला कधीच ठाऊक नसतं. दुसऱ्याच्या तोंडून काय निघालं ते मात्र दहा वर्षांनीही शब्दन् शब्द आठवतं.

माझे दोन भाऊ गालाच्या बाजूला उभे असत, मी टाळूच्या बाजूला. तिघांत लांब मीच आणि शहाणाही मीच, असं माझं म्हणणं आहे. नाही म्हणायला ते दोघे आता नाहीत. शिक्षण म्हणाल तर बेताचं. आयुष्य तोंडात गेलं म्हणून बोलायला शिकलो, म्हातारपण नाकाशेजारी गेलं म्हणून वैतागायला. वाचता येत नाही. वाचता येणाऱ्यांनी तरी माझं काय भलं केलं ते पुढे येईलच.

आमचा मालक एसाबू. तेसो मुलखातला माणूस, बिसिना तळ्याच्या अलीकडे त्याचं घर. आम्ही उगवलो तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. आईने तोंडात बोट घालून चाचपलं आणि म्हणाली, "दुधाचीच दिसतेय, पडेल." अहो तोतो, दुधाची कसली, जन्माची दाढ ती. पण तेसोत तोतोने, म्हणजे आईने, एकदा सांगितलं की संपलं. पडणारच आहे म्हटल्यावर पोराने दातवणाची काडी पुढच्या पुढे फिरवली. मागे आमच्याकडे कधी फिरकला नाही.

काम मात्र ढोरासारखं घेतलं. नाचणीचं घट्ट आतप, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी, वाळवलेलं रताळं, बकऱ्याचं हाड. आतपाचा काही त्रास नव्हता, ते गिळायचंच. त्रास होता लग्नांचा. सोड्याच्या बाटलीचं झाकण दाढेने उघडून दाखवायचं, ही एसाबूची विद्या. बायका बघतात असं त्याला वाटे. बायका कुठल्या बघतात? त्याची बायको अमुगे तेवढी बघायची, आणि म्हणायची, "उघडणी टेबलावर आहे. पण नको, तोंडच फोडून घ्या."

दाढेला तडा गेला तो मात्र झाकणाने नाही. बैलाने गेला.

झालं असं की एसाबूचा धाकटा भाऊ ओदेके. नांगरणीच्या दिवसांत त्याने आपला पांढऱ्या शिंगांचा बैल एसाबूला दिला. बैल सकाळी नांगराला जुंपला आणि ऊन चढायच्या आत नांगरलेल्या तासाच्या टोकाला बसला, तो उठलाच नाही. ओदेके म्हणाला, "तू मारलास." एसाबू म्हणाला, "तूच आजारी जनावर माझ्या गळ्यात बांधलंस." आणखी पुष्कळ बोलले. मी तिथेच होतो, सगळं माझ्या समोरून बाहेर गेलं, पण मी सांगणार नाही. तेव्हापासून दोघे भाऊ एका भांड्याला बसले नाहीत.

भांड्याला बसणं म्हणजे काय, ते तेसोत कुणी विचारत नाही. नाचणीची आजोन. मधे मातीचं मोठं भांडं, त्यात आंबवलेल्या नाचणीवर कढत पाणी, भोवती माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात भांड्यापासून तोंडापर्यंत पोहोचणारी लांब नळी. ओढायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा ओढायचं. त्यालाही शिस्त असते बरं का. नळी डाव्या हाताने धरायची नाही. भांड्यात फुंकून बुडबुडे काढायचे नाहीत. शिंक आली तर नळी सोडून लांब जायचं. आणि दिलेली नळी नाकारायची नाही. नाकारली तर त्याचा अर्थ, तू यात विष घातलंस असं मला वाटतं.

तर त्या बैलानंतर एसाबू रात्र रात्र दातओठ खायचा. ओठांचं काही बिघडलं नाही. दाढ तडकली, मग किडली, मग ठणकायला लागली.

ठणकायला लागल्यावर सगळा गाव वैद्य झाला. एकाने तंबाखू भरायला सांगितला, एकाने मीठ, एकाने कसल्याशा मुळीचा रस. शेजारचा ओलुपोत यात सर्वांच्या पुढे. त्याच्या तोंडात दात चार आणि सल्ले बत्तीस. शेवटी गाल नाचणीच्या पोत्यासारखा फुगला तेव्हा अमुगेने एसाबूला बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर घातला आणि बाजारपेठेतल्या दवाखान्यात नेला.

तिथे दात काढायला एंगोले. पोरगा मन लावून काम करणारा, पण बाजाराचा दिवस, बाहेर ही रांग, आणि दिवे गेलेले. कपाळावर बॅटरी बांधून त्याने सुई दिली, चिमटा लावला आणि हलवायला लागला. दाढेचं डोकं कुडकन फुटलं. भाऊ एकेक करून निघाले. मी राहिलो. मी हट्टी म्हणून नाही, जरा वाकडा आहे म्हणून. एंगोलेने टोकदार अवजार घातलं आणि मला खालून उचकटू लागला. अरे बाबा, उचकटायचं तर खाली ओढ. हा वर ढकलतोय.

आता वर काय असतं ते ऐका. गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली, एक रिकामी खोली असते. देवाने ती का ठेवली देव जाणे. बहुतेक बांधता बांधता माती कमी पडली असावी. खिडकी एकच, नाकात उघडणारी, आणि तीही छताजवळ. अशा घरात पाणी शिरलं तर ते बाहेर कसं पडावं? आणि या खोलीची जमीन म्हणजे आम्हा दाढेच्या पायांचं छप्पर. जाडी म्हणाल तर कांद्याच्या सालीएवढी.

त्या सालीतून मी वर गेलो. टच् असा आवाज झाला. एसाबूला वाटलं दाढ निघाली. एंगोलेने वाकून पाहिलं, बॅटरी इकडून तिकडून फिरवली. अंधार.

"पापा, एक तुकडा राहिलाय," तो म्हणाला. मोठ्या माणसाला आमच्याकडे पापा म्हणतात. "आत कुठेतरी सरकलाय. पुढच्या बाजाराला नक्की या. गरज पडली तर मोठ्या इस्पितळात फोटो काढायला पाठवतो."

"दुखेल का?"

"दुखलं नाही तरी या. आणि ऐका. नाक शिंकरू नका, थुंकू नका, तंबाखू नाही, दारू नाही."

"आजोन?"

"पापा, मी आत्ता काय म्हणालो?"

"दारू म्हणालास. मी आजोन विचारतोय."

एंगोले हसला. त्याने हसायला नको होतं. तेसोच्या माणसासमोर दवाखान्यात हसलं की अर्धी परवानगी मिळाली असं धरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसाबू ओलुपोतच्या अंगणात हजर. तोंडात कापूस. सगळे म्हणाले, पिऊ नकोस, दात काढलाय. एसाबूने विचार केला. आमच्या मालकाचं हेच वाईट, विचार करतो. म्हणाला, "डॉक्टरला भीती कशाची? आजोन जखमेला लागेल याची. बरोबर? जखम उजवीकडे. मी नळी डावीकडे धरतो. थेट घशात."

ओलुपोतने मांडीवर थाप मारली. "कपाने पिणारी माणसं वेगळी. त्यांचं सगळं तोंडभर पसरतं. नळी म्हणजे पिणं नव्हेच, नळी म्हणजे नुसतं पोहोचवणं."

अख्ख्या अंगणाला हे पटलं. दुसऱ्या कुठल्या देशात ही चूक झाली नसती हो. तिथे माणूस कप तोंडाला लावतो, घोट घेतो, फार तर जखम चुरचुरते. आमच्याकडे नळी माणसाएवढी लांब. ती ओढायची तर गाल आत जातात, डोळे बारीक होतात, सगळं तोंड पंपासारखं चालतं. खाली माझ्या जुन्या घराच्या दारावर रक्ताची खपली नुकती धरली होती. गरीब बिचारी, एका रात्रीत जमेल तेवढी जमली होती. एसाबूने पहिला झुरका घेतला आणि ती सुटली. दुसऱ्याला गेली. त्यानंतर ते दार उघडं ते उघडंच. खाली तोंड, वर मी, पलीकडे नाक. आरपार.

मी वर बसून ओरडतोय, अरे थांब. ऐकतो कोण.

चार-दोन दिवसांत मौज सुरू झाली. एसाबूने चहा घेतला आणि उजव्या नाकपुडीतून दोन थेंब शर्टावर पडले. अमुगे बघत राहिली. "हे काय?"

"सर्दी."

"दुधाची?"

पोरांना हा खेळ फार आवडला. पापा, पुन्हा करा ना. पापाने पुन्हा करून दाखवला. जो माणूस दाढेने झाकणं उघडून दाखवतो तो हेही दाखवणारच. मला काय वाटत असेल याचा विचार कुणी केला? माझ्या खोलीत चहा, माझ्या खोलीत आतपाचे कण, शेंगदाण्याचं कूट, पालेभाजी. खिडकी छताला. सगळं तिथेच साचलं, आंबलं. आजोन आंबवायला तोतोला किती खटाटोप करावा लागतो, आणि इथे फुकट.

पुढच्या बाजाराला एसाबू गेला नाही. दुखत नव्हतं ना. दुखलं नाही तरी या, असं एंगोले म्हणाला होता. पण न दुखता दवाखान्यात जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

मग वास सुटला. उजव्या नाकातून पिवळं, घाण, घट्ट. डावं नाक स्वच्छ, उजवं नाक गटार. शेंगा उपटायला वाकला की गाल जड व्हायचा आणि नाकातून धार लागायची. सरळ उभा राहिला की बंद. वास आधी त्यालाच यायचा. तो म्हणे, छपरात उंदीर मेलाय. छप्पर उकरलं. उंदीर नाही. मग म्हणे अमुगेच्या सुक्या माशांचा आहे. अमुगेने टोपली उचलून त्याच्या नाकाखाली धरली. "घ्या. हुंगा. मासा बिचारा तुमच्यापेक्षा बरा."

औषधं सुरू झाली. हिवतापाच्या गोळ्या, कारण आमच्याकडे काहीही झालं की आधी हिवताप. नीलगिरीच्या पाल्याची वाफ. नाकात थेंब. छातीला चोळायचा मलम. एका दवाखान्यात गोळ्या दिल्या, तेव्हा आठवडाभर बरं वाटलं; माझ्याही खोलीत जरा मोकळं झालं. गोळ्या संपल्या, पुन्हा तेच. चर्चचा पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून गेला, आणि जाताना दुसऱ्या हाताने स्वतःचं नाक धरून गेला. ओलुपोतने निदान केलं की हा दलदलीतला गारठा आहे, आणि भांड्याभोवती आपलं स्टूल हळूच वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेलं.

सगळे नाकाच्या मागे. नाक, नाक, नाक. कुणी तोंड उघड म्हणेना. दवाखान्यात गेला तर म्हणाले, काय होतंय? हा म्हणे, नाक. त्यांनी नाक बघितलं. दात काढल्याचं यानेही सांगितलं नाही, कारण ती तर दाढ होती आणि ती तर गेली. अरे, घर एकच आहे. खालच्या मजल्यावर माणसाने जेवायचं, वरच्यावर श्वास घ्यायचा, मधली जमीन फुटली तर दोन्ही मजल्यांना कळतं. पण माणसाने देहाच्या वाटण्या केल्यात. हे नाकाचं शेत, ते दाताचं शेत. बांधावर मी बसलोय, माझ्याकडे कुणी बघत नाही.

अशात तोतोने बोलावणं धाडलं. एसाबूची आई आता फार थकली होती. अंगणात चटईवर पडून असायची. तिने दोन्ही लेकांना निरोप पाठवला: शनिवारी माझ्या दारात या, मी आजोन लावलीय. मला मातीत घालायच्या आधी तुम्ही दोघे एका भांड्याला बसलेले मला बघायचेत. नाही आलात तर मातीत घालायलाही येऊ नका.

त्या घराण्याची रीत अशी. भांडण मिटवायचं तर धाकट्याने आधी ओढायचं, म्हणजे भांड्यात काही काळंबेरं नाही हे दिसतं. मग तीच नळी मोठ्याच्या हातात द्यायची. मोठ्याने ओढून सगळ्यांसमोर गिळायचं. गिळलं की मिटलं. नाही गिळलं तर पुन्हा कुणी मधे पडत नाही.

एसाबू घाबरला. आजोन ओढता येईनाशी झाली होती हे त्याने महिनाभर लपवलं होतं. भांड्याला बसायचा, नळी तोंडात धरायचा, गाल हलवायचा, आणि घोटभर येईल न येईल. वारा नाकातून माझ्या खोलीत, माझ्या खोलीतून तोंडात. नळी चढणार कशी? पण लाज. आजोन ओढता येत नाही हे तेसोच्या पुरुषाने सांगायचं म्हणजे नांगर धरता येत नाही म्हणण्यासारखं.

शनिवार उजाडला. अंगण भरलं. ओदेके समोर बसला, एसाबूकडे न बघता. तोतोने उशीवर मान उचलली. ओदेकेने नळी धरली, ओढली, गिळली. मग उठून आला, आणि नळीचं तोंड भावापुढे केलं. बैल मेल्यापासून इतक्या जवळ दोघे आलेच नव्हते.

"घे," ओदेके म्हणाला.

एसाबूने नळी घेतली. उजव्या हाताने, रीतीप्रमाणे. ओढली. आजोन अर्ध्यापर्यंत आली आणि घळकन खाली गेली. पुन्हा ओढली. मी खोलीत गरगर फिरलो, पण वर काही येईना. मग आमच्या मालकाने पुन्हा विचार केला. नुसता घसा हलवून गिळल्यासारखं केलं.

ओदेके वाकून बघत होता. "गिळलं नाहीस."

"गिळलं."

"माझ्या डोळ्यांसमोर. गिळलं नाहीस."

 तोतोची मान अजून उचललेली होती, थरथरत होती. एसाबूने डोळे मिटले आणि सगळं बळ लावून ओढली. आजोन वर आली, तोंडात आली, पण तोंडात राहते कशाला? उघड्या दारातून थेट माझ्या खोलीत. मी बुडालो. नाकात झोंबलं. आणि एसाबूला शिंक आली. नळी तोंडातच. त्याची शिंक, माझ्या खोलीतलं महिनाभराचं आंबवण, सगळं नळीवाटे आईच्या भांड्यात. भांडं बुडबुडलं. उरलेलं त्याच्या शर्टावर. वास अंगणभर.

 ओदेकेने नळी त्याच्या हातातून काढली आणि गुडघ्यावर मोडली.

"मी आधी प्यालो," तो म्हणाला, अगदी हळू. "तुझ्यासाठी आधी मी प्यालो. तरी तुला वाटलं मी विष घातलं. आणि वर आईच्या भांड्यात थुंकलास."

तो गेला. तोतोने मान उशीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी खूप काही सांगणार होतो. पण मला सांगता येतं फक्त एकाच भाषेत, आणि ती दुर्गंधीची. ती तर मी महिनाभर बोलतच होतो.

सकाळी ओदेके पुन्हा आला. रात्रभर झोपला नसावा. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात नवी नळी. एसाबू तोतोच्या चटईशेजारी बसला होता, ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"पाणी आहे," ओदेके म्हणाला. "तुझ्याच विहिरीचं. तुझ्याच बायकोने भरून दिलंय. यात विष असेल तर तिने घातलंय. ओढ."

"ओदेके, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"ओढता येत नाही."

"तीन पोरांचा बाप तू, आणि ओढता येत नाही."

"वारा निघून जातो. नाकातून."

"थापा मारायच्या तर नीट मार. नाकातून जातो म्हणे." ओदेकेने नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि दुसऱ्या हाताने त्याचं नाक दाबून धरलं. दोन बोटांत, चांगलं पिळून. रागाने बरं का, उपचार म्हणून नव्हे. "घे. केलं बंद. आता ओढ."

एसाबूने ओढलं. पाणी सरसर वर आलं. तोंड भरलं. त्याने गिळलं.

ओदेकेने बोटं सोडली. "पुन्हा ओढ." पाणी खाली घसरलं. बोटं लावली. पाणी वर. सोडली. खाली. असं त्याने किती वेळा केलं कुणास ठाऊक. एसाबूचं नाक लाल झालं. ओदेकेचा चेहरा मात्र बदलत गेला. त्याने मोबाईलची बॅटरी लावली. "आ कर."

महिनाभरात पहिल्यांदा कुणी म्हणालं, आ कर. माझे डोळे भरून आले असते. डोळे वरच्या मजल्यावर आहेत, माझे नाहीत.

"इथे बीळ आहे," ओदेके म्हणाला. "दाढेच्या जागी. पार आत गेलंय. अरे माझ्या आईच्या लेका, तू सांगितलं का नाहीस?"

भावाला आमच्याकडे असंच म्हणतात, आईचा लेक. ओदेकेच्या तोंडून ते बैलानंतर पहिल्यांदा आलं.

भिंतीकडे तोंड केलेली तोतो या कुशीवर वळली. "मग बसलात कशाला? अमुगे, ते भांडं पालथं कर, धू, आणि नवं भर. आंबवलेली नाचणी शिल्लक आहे."

"तोतो, याला आधी दवाखान्यात—"

"दवाखाना पळून जातोय का? मी जातेय."

अमुगेने पाणी उकळलं. भांडं भरलं. ओलुपोत वासावर आला, आजोनच्या. साक्षीला आणखी चार शेजारी बोलावले. ओदेकेने आधी ओढली. मग नळी एसाबूच्या तोंडाला दिली आणि दोन बोटांनी त्याचं नाक धरलं. एसाबूने डोळे मिटून ओढली, आणि गिळली, असा घोट की लांबून ऐकू यावा. तोतो हसायला लागली. दात एक नव्हता तिला, पण हसली तोंडभर. म्हणाली, "लहानपणी औषध पाजताना मी असंच नाक धरायची याचं." मग दमली आणि झोपली. तशी ती अजून आहे, रोज अंगणातून सर्वांना शिव्या घालते.

त्याच दिवशी ओदेकेने एसाबूला बोडावर बसवून शहराच्या मोठ्या इस्पितळात नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दात कधी काढला?"

"कुठला दात? मी नाकासाठी आलोय," एसाबू म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला असता.

"उजवी वरची दाढ," ओदेके म्हणाला. "एकाच बाजूने गळतं, आणि नाक दाबलं तरच नळी चढते."

बाई हसल्या नाहीत, म्हणून बरं झालं. फोटो काढला. गालाच्या खोलीत ढग, आणि ढगात मी, पांढरा, वाकडा, बसलेला. आयुष्यात माझा तेवढा एकच फोटो निघाला. मग ओठ उचलून वरच्या हिरडीतून त्यांनी खिडकी पाडली, खोली धुऊन काढली, मला उचललं, आणि खालचं दार हिरडीचा तुकडा ओढून शिवून टाकलं. जाताना बाईंनी एसाबूला बजावलं: "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आणि मी सांगेपर्यंत नळी नाही. दारू नाही, आजोन नाही, आणि नळीने पाणीसुद्धा नाही. कळलं?" ओदेके म्हणाला, "त्याला नका सांगू, तो विचार करतो. मला सांगा."

मला त्यांनी छोट्या बाटलीत घातलं. बाटली ओदेकेच्या शर्टाच्या खिशात असते. भेटेल त्याला तो ती हलवून दाखवतो. चीड येते मला. पण निदान इथे कोरडं आहे.

तुम्ही कुठल्याही मुलखाचे असा, माझं एवढं ऐका. वरची दाढ काढलीत आणि त्यानंतर एकाच नाकपुडीतून घाण येऊ लागली, चहा नाकात येऊ लागला, तर छपरातला उंदीर शोधू नका. ज्याने दात काढला त्याच्याकडे परत जा. डॉक्टर नाक बघत असेल तर आपण होऊन सांगा, साहेब, माझी दाढ काढली होती. आणि राहिलेला तुकडा दुखत नाही म्हणजे तो सुखात आहे असं समजू नका. मी एक दिवस सुखात नव्हतो.

सध्या कापणी झालीय, अंगणाअंगणात भांडी लागलीत. एसाबू ओलुपोतच्या अंगणात रोज जातो, हात मांडीवर ठेवून बसतो, सगळ्यांना ओढताना बघतो. त्याच्या शेजारी ओदेके. खिशातून मला सगळं दिसतं. ओदेकेची नळी त्याच्या मांडीवर आडवी ठेवलेली असते, कोरडी.

काल ओलुपोतला राहवलं नाही. "अरे ओदेके, तुला काय झालं? तुझी दाढ कधी काढली?"

"माझी नाही," ओदेके म्हणाला. "याची."